तीन नंबरच्या भट्टीचा गवंडी

पॉन्टवेर्न,
दि. ९ ऑक्टोबर १९७७

चि. गेथिन यास मेन्नाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तुम्हा नवराबायकोचा फोटो पोचला. ओल्गा फार गोड दिसते. तिच्या शेजारी उभा असलेला जाडजूड गृहस्थ कोण, असं ट्रेव्हर विचारत होता. मी म्हटलं, तो माझा धाकटा भाऊ, अकरा वर्षांपूर्वी कॅनडाला गेला तेव्हा त्याची विजार पट्ट्याशिवाय कमरेवर राहत नव्हती. ओल्गाला म्हणावं, वाढताना हात जरा आखडता घे.

आता बातमी. तिकडच्या पेपरात ती यायची नाही म्हणून लिहिते. कारखान्याच्या भट्ट्या येत्या मार्चमध्ये विझवणार. गुरुवारी दुपारी पाळी बदलताना फाटकावर कागद लावला. पत्र्याचं खातं काही वर्षं राहील म्हणे, पण पोलाद बाहेरून आणायचं. ट्रेव्हर म्हणाला, म्हणजे चूल विझवायची आणि घराला स्वयंपाकघर म्हणत राहायचं.

तरी त्याचा विश्वास बसलेला नाही. जुलैमध्येच त्याने तीन नंबरच्या भट्टीला आतून नव्या विटांचं अस्तर केलं. विटा अजून चटके देत असताना ओलं पोतं अंगावर घेऊन हा आत शिरतो, तुला माहीत आहे. जिला मारायचं तिला नवे कपडे कोण शिवतं, असं त्याचं म्हणणं. मी वाद घालत नाही. तीस वर्षं भट्टीच्या पोटात काम केलेल्या गवंड्याला बायकोने काय सांगावं?

कामगार हॉलमध्ये सभा झाली. युनियनचा सेक्रेटरी म्हणून एल्फेड बोलला. ट्रेव्हरचा शाळेपासूनचा दोस्त, चॅपेलच्या कॉयरमध्ये दोघे खांद्याला खांदा लावून गातात, पण सभेत तो वेगळाच माणूस होतो. एकानेही कशावर सही करायची नाही, सगळे मिळून लंडनला जाऊ, असं म्हणाला. हॉल टाळ्यांनी दणाणला. नंतर आमच्याकडे चहाला आला. कप हातात धरून बसला, प्यायला मात्र नाही. ट्रेव्हर कोळसा आणायला मागे गेला, तेव्हा हळूच मला विचारलं, गेथिन तिकडच्या कामाबद्दल काही लिहितो का. मला काय कळायचं ते कळलं.

आमची एर्लिस ब्रिस्टलला इस्पितळात मजेत आहे. नर्सची टोपी घालून फोटो काढलाय आणि बापाला पथ्य सांगणारी पत्रं लिहिते. बाप ती मोठ्याने वाचतो आणि मग चिप्स खातो.

लोभ आहे तो वाढवावा, पोट नको.
तुझी ताई,
मेन्ना


हॅमिल्टन,
दि. २ नोव्हेंबर १९७७

ती. सौ. मेन्नाताईस गेथिनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. ओल्गा म्हणते, तुझ्या ताईने सांगितलेला उपाय लागू पडला.

ताई, आता मी सांगतो ते नीट ऐक. तुम्ही दोघे इकडे या. मी फोरमनशी बोललो. भट्टीचं अस्तर करणारा, तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस म्हटल्यावर त्याने हातातलं सँडविच खाली ठेवलं. इथे जे गवंडी आहेत त्यांना सरळ भिंतीच बांधता येतात. भट्टीची कमान कशी धरायची ते सांगायला कुणी नाही. सख्ख्या बहिणीला बोलावून घेता येतं, मी चौकशी केली. फॉर्म सोबत आहेत. लाल खुणा केल्यात तिथे सह्या कराव्यात. डॉक्टरी तपासणी कार्डिफला होते.

दाजी नाही म्हणतील. त्यांना सांग, आपले पणजोबा कार्डिगनशायरहून गुरांमागे चालत पॉन्टवेर्नला आले ते काही त्या दरीच्या प्रेमात पडून नाही. गावी पोटाला नव्हतं आणि पॉन्टवेर्नला भट्टी पेटली होती. पेटलेल्या भट्टीमागे जाणं हाच आपल्या घराचा धर्म. आता भट्ट्या इथे हॅमिल्टनला पेटलेल्या आहेत.

मागची खोली तुमच्यासाठी रंगवायला काढली आहे. थंडी भयंकर आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर माझ्या नावाने खडे फोडू नकोस.

आशीर्वाद असू द्यावा आणि निरोप लवकर द्यावा.
तुझा,
गेथिन


पॉन्टवेर्न,
दि. २० मार्च १९७८

चि. गेथिन यास अनेक आशीर्वाद.

लंडनला दोन आगगाड्या भरून माणसं गेली. बँड नेला, झेंडे नेले, आणि पावसात भिजून परत आली. एका साहेबाने एल्फेडचं बोलणं पाऊण तास ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, पॉन्टवेर्न नक्की कुठे येतं.

बुधवारी दुपारी दोन वाजता तीन नंबरमधून शेवटचं पोलाद ओतलं. आम्ही बायका चॅपेलमागच्या चढावर उभ्या होतो. तिथून काही दिसत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी उभ्या होतो. ट्रेव्हर सांगतो, आत कुणी भाषण केलं नाही. ओतणं संपलं तसं एकाने डोक्यावरची टोपी काढली आणि मग सगळ्यांनीच काढल्या. तेवढ्यात नेहमीचा भोंगा झाला, आणि घरी जायचं की थांबायचं हेच कुणाला कळेना. पुढच्या पाळीचे काहीजण सवयीने जेवणाचे डबे घेऊन आले होते. ते फाटकाशीच बसून जेवले.

ट्रेव्हर घरी आला, बूट काढता काढता भिंतीकडे बघून म्हणाला, जाऊ या कॅनडाला. मी पुन्हा म्हणायला लावलं नाही, न जाणो विचार बदलायचा! दुसऱ्या दिवशी हा हॉलच्या वाचनालयात जाऊन नकाशा उघडून बसला. तुमचं गाव केवढ्या मोठ्या तळ्याकाठी आहे म्हणून चकित झाला आहे. आता मासे पकडायच्या गोष्टी करतो. आयुष्यात एक मासा पकडलेला नाही.

मी चॅपेलमध्ये सांगून टाकलं की रविवारचा वर्ग घ्यायला दुसरी कुणीतरी बघा. एर्लिस आधी रडली, मग म्हणाली, जा. एल्फेडला अजून सांगितलेलं नाही. ट्रेव्हर म्हणतो, ते मी सांगेन, आणि रोज टाळतो.

कार्डिफची तारीख १८ एप्रिल मिळाली आहे. गेथिन, मला भीती वाटते आणि आनंदही होतो. या वयात दोन्ही एकदम झेपत नाही. खोलीला पिवळा रंग देऊ नकोस.

तुझी ताई,
मेन्ना


पॉन्टवेर्न,
दि. २६ एप्रिल १९७८

प्रिय गेथिन, स. न. वि. वि.

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. पत्रं लिहिणं तुझ्या ताईचं खातं, पण हे मलाच लिहायला हवं. उत्तर घरी पाठवू नकोस. हॉलच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठव.

कार्डिफला तपासणीला मी एकटाच गेलो. डॉक्टर तरुण होता, वागायला सभ्य. छातीचा फोटो काढला. तो बघून आल्यावर त्याने मला खुर्ची दिली. आधी मी उभाच होतो. फोटो उजेडाच्या काचेवर लावून दाखवला. दोन्हीकडे बर्फ पडल्यासारखं पांढरं. काय काम करता, त्याने विचारलं. गवंडी, मी म्हणालो. घरं बांधता का? नाही, म्हटलं, भट्ट्या. तेव्हा त्याने पेनाला टोपण लावलं. विटांची धूळ आत जाऊन बसली आहे, ती आता निघायची नाही. कॅनडा मला घेणार नाही. मी विचारलं, किती दिवस? सांगता येत नाही, असं तो म्हणाला, पण आवाज सांगता येणाऱ्या माणसाचा होता.

मेन्नाला मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं ते असं, की गाडीच्या खिडकीतून समुद्र दिसला आणि माझं मन फिरलं, मला जायचं नाही. तिने मला हटवादी खेचर म्हटलं. एवढंच म्हणाली असती तर बरं, पण मग स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. गेथिन, तिला माझा राग येऊ दे. रागावलेलं माणूस ताठ उभं राहतं. ती माझे श्वास मोजायला लागली तर मला त्या घरात राहता येणार नाही. तूही मला दोन शिव्या घाल तिच्या पत्रात, म्हणजे शंका येणार नाही.

आणखी एक. सोमवारपासून मी कामाला लागतोय. कारखाना पाडायचं काम ज्या कंत्राटदाराने घेतलंय त्याच्याकडे. भट्ट्या आतून माहीत असलेला माणूस त्याला हवा होता. तो छातीचा फोटो मागत नाही. एल्फेड काय म्हणेल ते मला माहीत आहे. घरी बसून त्या चढावर चकरा मारणं मला जमायचं नाही, एवढंच.

तुझ्या बहिणीला मागे एकटी राहू देऊ नकोस.

तुझा,
ट्रेव्हर


हॅमिल्टन,
दि. १० मे १९७८

ती. दाजींस शि. सा. नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसं ताईला लिहिलं. तुम्हाला भित्रा आणि हेकट म्हटलं. 

दाजी, पाडकामाला जाऊ नका. तीच धूळ आहे, तीही कोरडी. मी पाया पडतो. ताईला सांगा. मी एकदा कबूल केलं म्हणून गप्प बसेन, पण हे बरोबर नाही आणि तुम्हालाही ते ठाऊक आहे.

खोली रंगवून झाली. दार लावून ठेवलंय.

गेथिन


पॉन्टवेर्न,
दि. १९ नोव्हेंबर १९७८

चि. गेथिन यास अनेक आशीर्वाद.

सहा महिने पत्र नाही म्हणून रागावू नकोस. लिहायला बसले की ट्रेव्हरबद्दलच लिहिलं जायचं, आणि ते फाडून टाकावं लागायचं.

आता ऐकच. तुझ्या दाजींना समुद्राची भीती वाटते, पण साठ फुटांवर चढून आपलाच कारखाना तोडायची वाटत नाही. पाडकामावर गावातले नऊजण आहेत आणि गाव त्यांना गिधाडं म्हणतं. हॉलमध्ये ट्रेव्हर गेला तर त्याच्या टेबलावरची माणसं आपापले ग्लास उचलून दुसरीकडे बसतात. एल्फेडने तोंडावर सांगितलं, मढं थंड व्हायच्या आत तू चोच मारलीस. ट्रेव्हरने टोपी घातली आणि तो घरी आला. त्या दिवसापासून कॉयरलाही जात नाही. दम पुरत नाही असं मला सांगतो, पण कारण एल्फेडच आहे, मला कळतं.

गेल्या आठवड्यात तीन नंबर पाडायला घेतली. विटा सुटेचनात. बाहेरगावचे मजूर शिव्या देत होते, कुठल्या गाढवाने हे एवढं घट्ट बांधलं! ट्रेव्हर त्यांच्यातच पहार घेऊन उभा होता. जेवताना मला हे सांगून पोट धरून हसला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता खोकला आला तो थांबेना. आणि मी काय केलं असेल? ताटावरून उठून बाहेर गेले. म्हटलं, खोक, तूच ओढवून घेतलंस.

मला काम लागलंय. सरकारने आणलेला नवा कारखाना! तिथे प्लास्टिकचे नाताळचे वृक्ष होतात. चाळीस बायका आणि दोन पुरुष. मी फांद्यांना काटे लावते. भर जुलैमध्येही नाताळ. ज्या गावाने आगबोटी आणि पूल बांधायला पोलाद दिलं ते आता हिरवे काटे देतंय, असं माझ्या शेजारी बसणारी रोज म्हणते, आणि आम्ही रोज हसतो.

धुणं मात्र आता पांढरंशुभ्र वाळतं. लाल धूळ बसत नाही. सांगून ठेवते, त्यात काही सुख नाही.

तू त्याला हेकट लिहिलंस ते बरोबर केलंस.

लोभ असू द्यावा.
मेन्ना


पॉन्टवेर्न,
दि. १५ फेब्रुवारी १९८१

गेथिन,

तार मिळाली असेलच. ट्रेव्हर गेल्या रविवारी सकाळी गेला. शेवटचे तीन महिने खालच्या खोलीत खुर्चीत बसूनच झोपायचा. आडवं होता येत नव्हतं. पन्नास वर्षांचा होता.

मृत्यूच्या दाखल्यावर सही करायला डॉक्टर आला. त्याने विचारलं, छातीचा पहिला फोटो केव्हा काढला होता. मी म्हटलं, कधीच नाही. त्याने लिहिता लिहिता पेन थांबवलं. एर्लिसने माझ्याकडे बघितलं. मग ट्रेव्हरच्या रविवारच्या कोटाच्या आतल्या खिशात तुझं पत्र सापडलं, १० मेचं. घड्यांवर फाटलं होतं.

तुला ठाऊक होतं. पावणेतीन वर्षं तुला ठाऊक होतं आणि मी तुला पत्रांतून त्याच्या तक्रारी लिहीत होते. तो खोकायचा आणि मी ताटावरून उठायचे. तुझ्यावर रागावायचं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याच्यावर रागावायला गेले की तो समोर नसतो.

चॅपेल भरलं होतं, पण माणसं म्हातारी. कॉयरमध्ये साठ होते, त्यातले एकवीस उरले. बाकीचे कामामागे इंग्लंडात पांगले. भजन सुरू झालं तेव्हा वरचे सूर उचलायला तिघेच होते, आणि मधली पट्टी धरायला कुणीच नव्हतं. सगळ्यांना ती जागा ऐकू येत होती. कुणी थांबलं नाही, तसंच गात राहिले.

एल्फेड आला होता. दोन वर्षं ट्रेव्हरशी बोलला नव्हता. कबरीपाशी माझ्याजवळ येऊन म्हणाला, मेन्ना, मी त्याला गिधाड म्हणालो होतो. मी म्हटलं, हो, म्हणाला होतास. 

मेन्ना


हॅमिल्टन,
दि. १५ ऑगस्ट १९८२

ती. मेन्नाताईस गेथिनचा शि. सा. नमस्कार.

दीड वर्षात तुझं एक नाताळचं कार्ड आलं, त्यावर नुसतं नाव. ते मी भिंतीवर लावलं आहे. माफी मी तीन पत्रांत मागितली, चौथ्यात मागत नाही. दाजींनी शब्द घेतला होता आणि मी दिला. आज पुन्हा मागितला तर देऊ नये एवढं मला कळतं.

हे पत्र दुसऱ्या कारणाने आहे. जूनमध्ये आमच्याकडेही फाटकावर कागद लागला. दोन भट्ट्या बंद, आणि मी ज्या भट्टीवर होतो ती त्यातली एक. कागद वाचून मला हसू फुटलं. शेजारच्याला वाटलं, याचं डोकं फिरलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला कुणी घेत नाही. ओल्गा इस्पितळाच्या धोबीखान्यात जाते, मी घरी तिच्यासाठी सूप करतो आणि ते दर वेळी खारट होतं.

ताई, मला घरी यावंसं वाटतं. सोळा वर्षं झाली. ओल्गाला विचारलं, ती म्हणाली, तुझं सगळं जिथे आहे तिथे जाऊ. आपली वरची खोली रिकामीच असेल. मी काहीही काम करीन. छप्परं शाकारीन, बाग खणीन. तूही एकटी आहेस. तुला एकटी राहू देऊ नकोस असं दाजींनी मला लिहिलं होतं, ते मी पाळलं नाही, निदान आता पाळू दे. ये म्हण, ताई. एवढंच लिही.

तुझा,
गेथिन


पॉन्टवेर्न,
दि. ५ सप्टेंबर १९८२

चि. गेथिन यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उभ्या उभ्याच तीनदा वाचलं. मग वरच्या खोलीत गेले, खिडकी उघडली, गादी उलटली, कपाटातून आईच्या हातच्या चादरी काढून पलंग घातला. ओल्गाला उशी एक लागते की दोन, असा विचार करत त्यावर बसले. बराच वेळ बसून राहिले. मग चादरी काढल्या, घड्या घातल्या आणि खिडकी लावून खाली आले.

येऊ नकोस.

रागाने लिहीत नाही. तो राग संपला, कधी ते कळलंही नाही. आता आपल्यात कुणी कुणाला बरं वाटावं म्हणून काही लिहायचं नाही, म्हणून आहे ते लिहिते.

नाताळच्या झाडांचा कारखाना दोन वर्षांपूर्वीच बंद झाला. यंत्रं एका शनिवारी ट्रकवर चढवून नेली, सोमवारी आम्ही चाळीसजणी कुलपासमोर उभ्या. हॉल जानेवारीत बंद झाला. वाचनालयातली पुस्तकं कचऱ्याच्या पेटाऱ्यात टाकत होते. मी दोन हातांत मावली तेवढी आणली. त्यातली निम्मी कायद्याची निघाली. तुझ्या वयाचे पुरुष सकाळी उठून दाढी करतात, कोट घालतात आणि कुत्र्याला फिरवायला नेतात. दिवसातून चारदा. गावात दमलेली असतात ती फक्त कुत्री. कारखान्याच्या जागेवर सरकारने गवताचं बी पेरलं, ते उगवत नाही. एल्फेड अजून दर सोमवारी युनियनची खोली उघडून बसतो. एक सभासद नाही. मी कधी त्याच्यासाठी केक नेते. आम्ही बोलत नाही, बसतो. तुला यायचंय ते गाव हे आहे.

तिथे निदान ओल्गाला काम आहे, आणि तुला सूप बिघडवायला चूल आहे. इथे आलास की महिन्याभरात त्या कुत्रेवाल्यांत उभा राहशील, आणि मला रोज खिडकीतून ते बघावं लागेल. एका माणसाला या घरात असं बसलेलं मी पाहिलंय. दुसरा मला नको. तू माफीच्या पत्रात कळवलंस, ट्रेव्हरला वाटलं होतं, बायको रागावली की ताठ उभी राहते. राहते. पण त्यामुळे तिला जेवण जात नाही, आणि त्याच्या खुर्चीकडे बघवत नाही. मी एकटी आहे हे खरं. तू आलास तरी ते बदलणार नाही, फक्त दोन माणसं एकटी होतील. ओल्गा धरून तीन.

एर्लिस ब्रिस्टलला बोलावते. मी जात नाही. का, ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही.

मला तुला बघायचं आहे, गेथिन. हे लिहिलं नाही तर पुन्हा खोटंच लिहिल्यासारखं होईल, म्हणून लिहिते. फार बघायचं आहे. तरीही येऊ नकोस.

लोभ असावा. तिथूनच असावा.

तुझी ताई,
मेन्ना